पाच मिलिमीटरचं आउटर

४ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

फोन तू उचलत नाहीस. उचलावास असा माझा आग्रहही नाही. उचललास तर काय बोलायचं ते मला तरी कुठे माहीत आहे. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात खाकरून वेळ काढता येत नाही.

आधी कामाचं. तुझ्या लेकीचं मला पत्र आलं आहे. तिच्या आईच्या जुन्या वहीत माझा पत्ता सापडला म्हणते. 'मोठे काका' अशी सुरुवात, आणि दुसऱ्याच वाक्यात 'तुम्ही मला ओळखणार नाही'. पाच वर्षांची असताना ही पोर दुकानातल्या छऱ्यांचा डबा जमिनीवर ओतायची आणि मग मलाच दटावायची, की काका, पसारा आवर. न ओळखायला काय झालं?

तिला तुझी सायकल हवी आहे. म्हणजे फ्रेम. ती इथे माझ्याकडे आहे हे तिला कुणी सांगितलं ते तिने लिहिलेलं नाही, मीही विचारलं नाही. शाळेच्या मैदानावर कुणाची तरी रोड बाइक चालवून बघितली आणि तेव्हापासून झोप उडाली आहे, असं लिहिते. तू बाजारातली कुठलीच घेऊ देणार नाहीस, पण घरचीच असेल तर कदाचित नाही म्हणता येणार नाही, असा तिचा हिशेब. हिशेबात ती तुझ्यावर गेलेली नाही, एवढं नक्की.

मी तिला उलट टपाली लिहिलं, की तुझ्या बाबांनी हो म्हटल्याशिवाय मी एक नटही पिळणार नाही. म्हणून हे पत्र.

नट पिळलेला नाही. फ्रेम फक्त खुंटीवरून उतरवली आणि पुसली. डाव्या अंगाला लांब ओरखडा आहे, पण नळ्या सरळ आहेत. दोरी लावून तीनदा तपासल्या. फोर्क, पुढचं चाक धरणारा चिमटा, मी नंतर भंगारात दिला होता. नवा घालावा लागेल.

तू हो म्हणशील असं धरून एकच विचारतो. गिअरच्या वायरी कुठल्या टाकू? साध्या पॉलिश केलेल्या स्टेनलेसच्या, की हल्ली मिळतात त्या कोटिंगवाल्या? कोटिंगवाल्या पहिले दोन महिने लोण्यासारख्या सरकतात. मग त्यांची सालं निघायला लागतात आणि आउटरमध्ये नुसता भुसा जमतो. तुला पूर्वी साध्या आवडायच्या. गिअर पडला की बोटाला कळलं पाहिजे, म्हणायचास. पण सायकल तिची आहे, आणि तिची बोटं मला माहीत नाहीत.

एका ओळीत उत्तर दिलंस तरी चालेल.

दादा

*

२१ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

तुझं उत्तर नाही. गप्प राहिलं म्हणजे हो, असं आई म्हणायची. तिच्यासमोर नाही म्हणायची कुणाची टाप होती म्हणा.

मी तो तुझा होकार धरलेला नाही. पण लेकीचं दुसरं पत्र आलं, त्यात तिने मापं पाठवली आहेत. खांद्याची रुंदी, हाताची लांबी, पायाची आतल्या बाजूने उंची. सगळी शिंप्याच्या टेपने, आणि शेजारी कंसात 'दोनदा मोजलं'. दोनदा मोजणारं माणूस मला आवडतं. हँडल चाळीस सेंटिमीटरचं लागेल. तुझं चव्वेचाळीसचं होतं.

तिने विचारलं आहे, आउटर म्हणजे काय आणि ते दोन प्रकारचं कशाला. तिला जे लिहिलं ते तुलाही सांगतो. तुला हे पाठ आहे, पण दुसरं सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही.

मी लिहिलं: बोटाने लिव्हर ढकललीस की आतली पोलादी वायर ओढली जाते. ती ज्या नळीतून सरकते ते आउटर. वरून दोन्ही आउटर सारखीच दिसतात, खरी गोष्ट प्लॅस्टिकच्या आत आहे. गिअरच्या आउटरमध्ये पोलादाच्या बारीक तारा उभ्या, एकमेकींना चिकटून असतात, हातात धरलेल्या काड्यांच्या जुडीसारख्या. ती जुडी लांबीला जराही दबत नाही. वायर मिलिमीटरभर ओढली की मागे मिलिमीटरभरच सरकते, म्हणून गिअर नेमका पडतो. ब्रेकच्या आउटरमध्ये चपटी तार स्प्रिंगसारखी गोल गोल गुंडाळलेली असते. ती किंचित दबते, पण कितीही जोर लावलास तरी फुटत नाही.

एवढं लिहून थांबलो. ब्रेकचं पुढे कधीतरी सांगेन म्हटलं.

आउटर कापताना काय काळजी घ्यायची तेही कळवलं. कापलेलं तोंड कानशीने सपाट करायचं, आतली प्लॅस्टिकची नळी चेपलेली असते ती टोच्याने गोल उघडायची, आणि मगच टोपी चढवायची. आखूड कापलं तर हँडल वळवताना ओढ बसते आणि गिअर आपोआप पडतो. लांब ठेवलं तर वायरीचं घर्षण वाढतं. 'मग बरोबर किती?' असं ती विचारणार हे माहीत होतं, म्हणून आधीच लिहून टाकलं, की हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघायचं आणि आउटरला विचारायचं.

आउटर तिला निळं हवं आहे. मी म्हटलं, काळं घे, मळत नाही. निळं मिळत नाही असंही लिहून टाकलं. मिळतं. मागच्या फळीवर अख्खं भेंडोळं आहे.

दुकान चालू आहे. हल्ली बॅटरीच्या सायकली येतात. त्यांचं बिघडतं ते मला कळत नाही, आणि जे मला कळतं ते त्यांचं बिघडत नाही. बेअरिंगचं एखादं काम आलं तर मी ते मुद्दाम रेंगाळत करतो. मंगळवारी दुकान बंद असतं. मंगळवारी मी सकाळपासून कुणाशी बोलत नाही आणि संध्याकाळी रेडिओवरच्या बाईने नमस्कार केला की उत्तर देतो. आईची खाट आतल्या खोलीत आहे तशीच आहे. त्यावर आता टायर ठेवतो. नाहीतर ती फार मोकळी दिसते.

दादा

*

९ मार्च

बारक्या,

लेकीने सगळं लिहिलं. माझी दोन्ही पत्रं तू वाचलीस, घडी घालून परत पाकिटात घातलीस आणि तिला जेवायला हाक मारलीस. जेवताना तिनेच विषय काढला. तेव्हा तू काय म्हणालास ते तिने जसंच्या तसं उतरवलं आहे: "सायकल चालवणं सोपं असतं. ब्रेक कधी दाबायचा ते कळावं लागतं, आणि ते मला कळलं नाही. माझ्यापायी एका माणसाचा हात गेला. तुझ्या अंगात माझंच रक्त आहे."

पुढे ती लिहिते, की बाबा ओरडले असते तर मी भांडले असते. पण ते भाताकडे बघून बोलत होते.

हे पत्र मी सकाळी वाचलं. मग शटर अर्धं खाली ओढून बसलो. एक बाई पंक्चर काढायला आल्या, त्यांना म्हटलं, आज गोंद संपला आहे. समोर तीन नळकांडी पडलेली. त्यांनी त्या नळकांड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सायकल ढकलत निघून गेल्या.

पोरीला काय उत्तर देऊ ते तूच सांग.

तू म्हणतोस तो माणूस, लंबू, मला अधूनमधून दिसतो. रंगकाम त्याने तेव्हाच सोडलं. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही म्हटल्यावर छत रंगवणार कसं? आता तो चौकातल्या रंगाच्या दुकानात बसतो, गिऱ्हाइकाला हव्या त्या छटा कालवून देतो. डबा हलवायचा असला की डाव्या हाताने हलवतो. तो दिसला की मी रस्ता ओलांडतो. त्या बाजूला माझं कधीच काही काम नसतं. दर वेळी एखादं शोधावं लागतं.

तू त्याला माफीचं पत्र लिहिलं होतंस हे मला माहीत आहे. टपालात टाकायला माझ्याच हातात दिलं होतंस. त्याचं उत्तर तुला आलं नाही हेही माहीत आहे.

नट न पिळण्याचा शब्द मोडून फ्रेमवर काम चालू आहे. उजव्या लिव्हरपासून खालच्या नळीवरच्या थांब्यापर्यंत आउटर, तिथून मागे उघडी वायर, आणि शेवटी मागच्या गिअरला एक मोठं वळण. त्या वळणाचा तुकडा मी तीनदा कापला. पहिल्यांदा आखूड, दुसऱ्यांदा लांब. तिसऱ्यांदा बरोबर आला, तरी काढून टाकला.

आज एवढंच.

दादा

*

१४ मार्च

बारक्या,

हे पत्र लांब होईल. खुर्ची घेऊन बस, आणि लेक घरात नसताना वाच. मग तिला दाखवायचं की नाही ते तू ठरव.

काल तिचं चौथं पत्र आलं. तू नाही म्हटलंस तरी तिची उमेद गेलेली नाही. तिथल्या एका दुकानात तिला निळं आउटर मिळालं. मिळत नाही म्हणालो होतो, ते खोटं तिने हसण्यावारी नेलं. पण ते फक्त गिअरचं आहे, ब्रेकचं निळं संपलं आहे. मग तिने विचारलं आहे: 'काका, जाडी सारखीच आहे, मी मोजली, दोन्ही पाच मिलिमीटर. पुढच्या ब्रेकलाही हेच टाकलं तर? सगळं एका रंगात दिसेल.'

हा प्रश्न मला पूर्वी एकदा विचारला गेला आहे. तुला आठवणार नाही. तू सहज विचारला होतास, पाय टेबलावर टाकून, दाणे खात. शर्यतीला दोन दिवस होते. तुला फ्रेमवर लाल आउटर हवं होतं, हँडलवरची पट्टीही लाल. ब्रेकचं लाल माझ्याकडे मागच्या ब्रेकपुरतंच निघालं. पुढच्याला काळं टाकू का, म्हटलं. तू म्हणालास, "दादा, एक काळं म्हणजे दात पडल्यासारखं दिसेल. ते दुसरं लाल आहे की."

ते दुसरं लाल गिअरचं होतं. जुन्या साठ्यातलं, पाच मिलिमीटरचं, ब्रेकच्या टोपीत बरोबर बसणारं. तुला फरक माहीत नव्हता. तुझं काम चालवायचं होतं. फरक माहीत असणं हे माझं काम होतं, आणि मला तो माहीत होता. पंधरा वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगत आलो होतो, की गिअरचं आउटर ब्रेकला कधी टाकू नका, जोर आला की उभ्या तारा फाकतात आणि प्लॅस्टिक फाडून बाहेर येतात. आणि त्या दिवशी तुझ्याकडे बघून मनात म्हटलं, एका शर्यतीचा तर प्रश्न आहे, धरेल. सायकल उभी केली तेव्हा ती इतकी देखणी दिसत होती, की तुला शर्यतीसाठी तयार करणारे सर लोकांना बोलावून दाखवत होते. ती माझ्या हातची आहे असं दोन-तीनदा म्हणाले. मला ते फार गोड लागलं.

डोंगरावरून उतरताना तिसऱ्या वळणावर, तू लंबूवर जाऊन आदळलास तिथे, ते फुटलं. हे मी अंदाजाने सांगत नाही. सायकल टेंपोतून दुकानात आली तेव्हा मी एकटा होतो. पुढच्या ब्रेकशी, टोपीच्या तोंडाला, तारा मोडक्या छत्रीच्या काड्यांसारख्या बाहेर आल्या होत्या. बाकी काही बघायची गरजच नव्हती. मी शटर ओढलं, हँडलची पट्टी सोडली, ते आउटर काढलं, ब्रेकचं काळं टाकलं आणि पट्टी पुन्हा गुंडाळली. वीस मिनिटं लागली. माझा हात इतका सफाईने कधी चालला नसेल. तासाभराने सर आले. त्यांनी लिव्हर दाबून बघितली. घट्ट लागली. ते म्हणाले, यंत्र ठीक आहे, मग पोराचीच चूक. मी मान डोलावली.

इथपर्यंत जे केलं ते भीतीपोटी केलं असं म्हणता येईल. पुढचं म्हणता येत नाही.

दवाखान्यात तुझा गुडघा बांधलेला होता आणि पलीकडच्या खोलीत लंबू. तू मला जवळ बोलावलंस आणि म्हणालास, "दादा, लिव्हर पोकळ लागली. हँडलपर्यंत आली."

मी म्हटलं, "तुला तसं वाटलं. मी स्वतः उघडून बघितलं आहे. ब्रेक ठणठणीत आहे. तू उशिरा दाबलास."

तू बांधलेल्या गुडघ्याकडे बघितलंस. मग म्हणालास, "असेल."

बारक्या, तुझ्या हाताला जे लागलं होतं ते खरं होतं. तू स्वतःच्या हातापेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवलास. ते आउटर टाकलं ही चूक होती, आणि असल्या चुका जन्मभर हातात पाना धरणाऱ्यांकडूनच होतात, कारण नवखा घाबरून विचारतो तरी. पण तुझा हात मी तुझ्याकडून काढून घेतला. तो गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे.

तू गाव सोडलंस तेव्हा लोक म्हणाले, पोराला लाज वाटली. मी ते ऐकून घेतलं. आई विचारायची, तुमच्यात नक्की बिनसलं काय? तिला सांगितलं, काही नाही, तो तापट आहे. तू तापट कधीच नव्हतास. ती गेली त्या दिवशी तू आलास, माझ्या शेजारी उभा राहिलास, जाताना माझ्या पाठीवर हात ठेवलास आणि म्हणालास, तू एकटा पडलास. तेव्हाही बोललो नाही. म्हटलं, आजचा दिवस नको.

तू आता लेकीला सांगतोस, की ब्रेक कधी दाबायचा ते आपल्या रक्तात नाही. तुझ्या रक्ताचा काही दोष नाही. तू वेळेवर दाबलास.

लेकीला मी एवढंच लिहिलं आहे: 'नाही. ब्रेकला ब्रेकचंच आउटर, मग रंग कुठलाही असो. का ते तुझे बाबा सांगतील.'

दादा

*

३ एप्रिल

बारक्या,

वीस दिवस झाले. टपालवाला येतो तेव्हा मी काहीतरी पुसत असतो. वीज मंडळाचं पाकीट आलं, एका बँकेचं आलं, आणि शेजारच्यांचं एक चुकून आलं. ते नेऊन द्यायला गेलो तर त्यांनी आत बोलावलं, आणि मी गेलोच नाही. कुणी बस म्हटलं तर हल्ली मला भीती वाटते, की आपण बोलून टाकू.

हे पत्र उत्तरासाठी नाही. तुला एक गोष्ट कळायला हवी म्हणून लिहितो.

काल मी लंबूकडे गेलो. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तो मोसंबी रंगात पांढरा ओतत होता, थेंब थेंब. मला बघून म्हणाला, "रस्ता चुकलास का? तुझा फुटपाथ पलीकडचा." म्हणजे त्याला तेही माहीत होतं.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. तुला लिहिलं तेच, त्याच क्रमाने. तो डब्यातली काठी फिरवत राहिला. माझं संपल्यावर म्हणाला, "नवीन काय सांगितलंस?"

मला वाटलं, त्याला नीट ऐकू आलं नाही.

तेव्हा तो म्हणाला, "दोन महिन्यांनी मी तुझ्या दुकानात आलो होतो, हात गळ्यात बांधून. तू आत होतास. सायकल खुंटीला लटकवलेली होती. मागचं आउटर लाल, पुढचं काळं. शर्यत सुटली तेव्हा मी त्याच्या मागेच होतो, दोन्ही लाल होती. मी रंगारी माणूस आहे. मला रंग दिसतो."

विचारलं, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, कुणाला बोलू? घरी पोहोचतो तर तुझ्या भावाचं पत्र येऊन पडलेलं. त्यात लिहिलेलं, माझीच चूक, मी उशिरा दाबला, मला माफ कर. वाचून लंबूचं डोकं फिरलं. त्याला वाटलं, दोघा भावांनी बसून हे ठरवलं आहे. एकाने चूक केली, दुसऱ्याने अंगावर घेतली, आणि वर मला रडकं पत्र. म्हणून त्याने ते फाडून टाकलं आणि उत्तर दिलं नाही.

मी म्हटलं, "त्याला काही माहीत नव्हतं. अजूनपर्यंत नव्हतं."

लंबूने काठी डब्यात सोडली. म्हणाला, "म्हणजे त्याने ते मनापासून लिहिलं होतं?"

मी हो म्हटलं.

"आणि मी त्याला अकरा वर्षं खोटारडा म्हणत बसलो."

मग त्याने मला जायला सांगितलं. शिवी दिली नाही, हात उगारला नाही. त्याने यातलं काहीतरी करावं म्हणून मी जरा वेळ उभा राहिलो, बहुतेक. तो म्हणाला, "जा रे. तुला बरं वाटावं म्हणून मी काही करणार नाही." तुझा नंबर मागितला. मी दिला. न विचारता दिला, तेवढं चालवून घे.

घरी येऊन कामाला हात लागेना. सायकल स्टँडवर अर्धवट आहे. तुझं काही कळेपर्यंत ती तशीच राहील.

दादा

*

२४ एप्रिल

बारक्या,

तुझं पत्र काल मिळालं. चार ओळी. वर नाव नाही, खाली सही नाही, पण 'क' अजून तसाच काढतोस.

तू लिहितोस: 'लंबूशी बोललो. मुलीला सगळं सांगितलं. सायकल पाठव. गिअरच्या वायरी टाक, ब्रेकला हात लावू नकोस, ते मी करीन.'

मी ते दोनदा वाचलं आणि कामाला लागलो. काय केलं ते नीट लिहितो, म्हणजे पेटी उघडल्यावर तुझा घोळ होणार नाही.

गिअरच्या वायरी साध्या स्टेनलेसच्या टाकल्या. लेकीने कोटिंगवाल्या मागितल्या होत्या, पण सालं निघतात हे तिला पटलं. आउटर निळं, चार मिलिमीटरचं, माझ्या भेंडोळ्यातलं. तिने घेतलेलं पाच मिलिमीटरचं वापरू नका. गिअरला ते चालेल, पण घरात राहिलं तर उद्या कुणाला तरी मोह होईल. सगळी तोंडं कानशीने सपाट केली आहेत. मागचं वळण चौथ्यांदा कापलं, आणि या वेळी ठेवलं. दोन-तीन आठवड्यांत वायरी थोड्या ताणतील आणि गिअर पडायला आळस करेल. तेव्हा मागच्या गिअरवरची गोल चकती अर्धा फेरा बाहेर फिरव, जास्त नाही. वायरीची जादा शेपटं कापून टोपणं लावली आहेत.

हँडलला पट्टी गुंडाळलेली नाही. ब्रेकचं आउटर तिच्याखालून जातं, त्यामुळे ती तुलाच गुंडाळावी लागेल. गिअरचं आउटर सध्या चिकटपट्टीने हँडलला धरून ठेवलं आहे. पट्टी पेटीत वेगळी आहे, निळी, दोन गुंडाळ्या. खालून वर ये, आणि शेवटी लिव्हरपाशी आठचा आकडा घाल.

ब्रेकची वायर टाकलेली नाही, आउटरही नाही. दुकानात पाच प्रकारची आहेत, एकही पेटीत घातलं नाही. ते तू स्वतः बघून आण. घेताना टोकाला कापायला सांग आणि आत डोकावून बघ. तार गोल गुंडाळलेली दिसली पाहिजे.

खरं सांगायचं तर हात दोनदा गेला. सवयीने. लिव्हरचं तोंड उघडं दिसलं की वायर ओवावीशी वाटते. दोन्ही वेळा मागे घेतला.

काम संपल्यावर सायकल स्टँडवर चढवून गिअर फिरवले. वरून खाली, खालून वर. सगळे पडतात, आवाज न करता. मग ती खाली उतरवली आणि लक्षात आलं, की मला ती चालवून बघता येणार नाही. गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा नाही. बत्तीस वर्षांत चालवून न बघता या दुकानातून गेलेली ही पहिली सायकल. ढकलत दारापर्यंत नेली, चाकाचा आवाज ऐकला आणि परत आणली. मग पेटी बंद केली.

लंबू सकाळी येऊन उभा राहिला होता, रस्त्याच्या पलीकडे. आत आला नाही. फ्रेमकडे बघून म्हणाला, "निळा बरा आहे." आणि गेला.

माफी मागायची तर कुठून सुरुवात करावी ते मला कळत नाही. तू मागू दिलेली नाहीस, आणि ते बरोबर केलंस. लेकीला माझा निरोप नको सांगूस. तिला मला लिहावंसं वाटलं तर लिहील. नाहीतर गिअर कसे पडतात एवढं तू कधीतरी कळव, तेही जमलं तर.

दोन्ही ब्रेक बसवून झाले की तिला बसू देण्याआधी तू उभ्याउभ्या लिव्हर दाबून बघशीलच. सगळ्या ताकदीने दाब, दहा वेळा दाब. हाताला जे लागेल तेच खरं. मला विचारू नकोस.

दादा